शून्यावर चार बाद: विजय हजारे यांचा १९५२चा इंग्लंड दौरा आणि सांगलीच्या नेटमधला सराव

जून १९५२, लीड्सचं हेडिंग्ले मैदान. भारताच्या दुसऱ्या डावातले १४ चेंडू पडले होते. फलकावर धावा शून्य, गडी चार बाद. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर, चौघांनाही भोपळा फोडता आला नव्हता. तीन बळी पहिलीच कसोटी खेळणाऱ्या फ्रेड ट्रूमनचे, एक अॅलेक बेडसरचा. खेळपट्टीवर उरले कर्णधार विजय हजारे आणि पॉली उम्रीगर. २६ धावांवर उम्रीगरही गेले. मग दत्तू फडकर आले आणि सहाव्या गड्यासाठी १०५ धावांची भागी झाली. हजारे ५६, फडकर ६४, सगळ्या संघाच्या मिळून १६५. इंग्लंडने सामना सात गडी राखून जिंकला.

या प्रकरणात तीन गोष्टी तपासल्या आहेत. असा डाव कोसळतो कशामुळे, त्यातही एखादा फलंदाज टिकतो कशामुळे, आणि त्यातलं सांगली-मिरजेच्या सिमेंटच्या विकेटवर नेमकं काय शिकवता येतं. हजारे मूळचे सांगलीचे हे एक कारण आहेच. दुसरं कारण असं की नव्या चेंडूवर दोन-तीन गडी गेले की उरलेला डाव पत्त्यांसारखा पडणं हे वयोगटाच्या सामन्यांतलं नेहमीचं दुखणं आहे. त्यावर ‘टिकून खेळ’ एवढाच सल्ला मिळतो. टिकायचं म्हणजे पाय, डोकं आणि हात यांचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

आकडे थोडक्यात

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५चा, सांगलीतला. १९३४-३५च्या हंगामात ते महाराष्ट्राकडून रणजी खेळू लागले आणि पुढे बडोद्याकडे गेले. १९३९-४० मध्ये पुण्यात त्याच बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ केल्या होत्या. पहिली कसोटी १९४६ साली लॉर्ड्सवर, वयाच्या ३१व्या वर्षी. शेवटची १९५३ साली किंग्स्टनला, ३८व्या वर्षी. कसोट्या ३०, डाव ५२, धावा २१९२, सरासरी ४७.६५, शतकं सात. प्रथम श्रेणीत २३८ सामने, १८,७४० धावा, सरासरी ५८.३८, ६० शतकं, शिवाय ५९५ बळी. कसोटीत हजार धावा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय.

३० कसोट्या आज थोड्या वाटतील. पण ऑगस्ट १९३६ ते जून १९४६ या काळात भारत एकही कसोटी खेळला नाही. म्हणजे हजारे २१ वर्षांचे होते तेव्हापासून ३१ वर्षांचे होईपर्यंत. फलंदाजाच्या उमेदीची दहा वर्षं महायुद्धाच्या आगेमागे गेली. १९४९च्या फेब्रुवारीनंतर पुन्हा जवळजवळ पावणेतीन वर्षांचा खंड पडला. या खंडाच्या अलीकडे-पलीकडे त्यांच्या लागोपाठ तीन कसोट्यांत शतकं आहेत: मुंबईला वेस्ट इंडीजविरुद्ध १२२, मग दिल्लीला इंग्लंडविरुद्ध नाबाद १६४ आणि मुंबईला १५५. पावणेतीन वर्षं कसोटी न खेळता माणूस जिथे सोडलं तिथूनच सुरू करतो, याचा अर्थ त्याची पद्धत फॉर्मवर फारशी अवलंबून नाही. भरवसा मोजायचा तर आधी हे पाहावं, सरासरी नंतर.

सात डावांचा हिशेब

१९५२च्या मालिकेत हजारे सात वेळा खेळायला आले.

लीड्सच्या पहिल्या डावात ३ बाद ४२ अशी अवस्था असताना हजारे आणि २० वर्षांचे मांजरेकर यांनी चौथ्या गड्यासाठी २२२ जोडल्या. मांजरेकर १३३, हजारे ८९. नंतर २६४ याच धावसंख्येवर तीन गडी पडले आणि ३ बाद २६४ वरून सगळा डाव २९३ वर संपला. दुसऱ्या डावात वर सांगितलेल्या ५६.

लॉर्ड्सला नाबाद ६९ आणि ४९. या सामन्यापासून विनू मंकड लँकेशायर लीगमधून संघात आले आणि त्यांनी इथे ७२ आणि १८४ धावा केल्या. तिसऱ्या गड्यासाठी मंकड-हजारे भागी २११ धावांची. हजारेंच्या ४९ या आकड्याकडे कुणी पाहत नाही. पण दुसऱ्या टोकाला १८४ होत असताना आपलं टोक राखून ठेवणं हेही भरवशाच्या फलंदाजाचंच काम.

मँचेस्टरला एकाच दिवसात भारत दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२. पाऊस, ओली खेळपट्टी आणि ट्रूमनचे ३१ धावांत आठ बळी. हजारे दोन्ही डावांत १६. ओव्हलला ५ बाद ६ वरून भारत ९८ पर्यंत पोचला, त्यात हजारेंच्या ३८. पुढे पावसाने सामना वाचवला. मालिका इंग्लंडने ३-० जिंकली.

हजारेंची बेरीज ३३३, सरासरी ५५.५०. भारताच्या सातही डावांची बेरीज १३०९. अवांतर धरूनसुद्धा चारातली एक धाव कर्णधाराची. सातपैकी पाच डावांत ३८ किंवा त्याहून जास्त. या सात डावांत एकही शतक नाही, आणि तरीही हजारेंच्या सबंध कारकिर्दीत हीच मालिका आम्हाला सर्वांत अभ्यासण्याजोगी वाटते. शतक हे एका दिवसाचं काम असू शकतं. ट्रूमनच्या २९ बळींच्या मालिकेत दर वेळी उभं राहणं ही पद्धत असल्याशिवाय होत नाही.

याच मालिकेतले बाकीच्या फलंदाजांचे आकडेही पाहायला हवेत. पंकज रॉय: १९, ०, ३५, ०, ०, ०, ०. पॉली उम्रीगर: सात डावांत मिळून ४३. हे दोघेही कच्चे फलंदाज नव्हते. याच दौऱ्यात काउंटी संघांविरुद्ध उम्रीगरांनी द्विशतकं ठोकली. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी १३० आणि ११७ केल्या, रॉय यांनी किंग्स्टनला १५०. म्हणजे गुणवत्ता होती, बिघाड एका ठिकाणी होता आणि तो दुरुस्त होण्याजोगा होता. प्रशिक्षकाने ही दोन नावं हजारेंच्या नावाइतक्याच काळजीने अभ्यासावीत. १४ वर्षांचा मुलगा दोनदा शून्यावर गेला की त्याला खालच्या क्रमांकावर ढकलण्याची घाई आपल्याकडे फार होते.

बिघाड कुठे होता

ट्रूमन धावत आला की काही फलंदाजांचा मागचा पाय यष्टींच्या रेषेत मागे न जाता स्क्वेअर लेगच्या पंचाकडे सरकत होता. त्या दौऱ्याची हीच गोष्ट सर्वाधिक बोलली गेली. पाय सरकला की पुढचं सगळं आपोआप बिघडतं. पाय ३० सेंटिमीटर लेगकडे गेला तर ऑफ स्टंपवरचा चेंडू शरीरापासून तेवढाच लांब जातो. मग हात ताणले जातात, बॅट तिरकी येते, आणि बॅट व पॅड यांच्यात फट पडते. चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर. साडेसात सेंटिमीटरची फट झाली की चेंडूला आत शिरायला वाट मिळाली. आत आला तर त्रिफळा, बाहेर गेला तर स्लिपमध्ये झेल. मंत्री आणि मांजरेकर दोघेही ट्रूमनकडून त्रिफळाचीत झाले होते.

याला भित्रेपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. त्या पिढीतल्या बहुतेकांचं पहिलं शिक्षण चटईवर झालेलं. काथ्याच्या चटईवर चेंडू उंच उसळतो, पण उसळी सारखी असते. तिथे फलंदाज उसळीवर भरवसा ठेवून हात उंच ठेवतो आणि आडव्या बॅटने मारायला शिकतो. भिजलेल्या इंग्लिश खेळपट्टीवर तोच टप्पा कधी घसरून येतो, कधी थांबून, कधी शिवणीवर पडून चार बोटं वळतो. चटईवर जो फटका बिनधोक होता त्याच फटक्यावर इथे बाद. त्यात वेगाची भर. १३५ किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यापासून सुमारे अर्ध्या सेकंदात बॅटपाशी येतो. चेंडू सुटण्याआधीच पाय हलला असेल तर त्या अर्ध्या सेकंदात तो परत आणता येत नाही.

सांगलीकरांना यातलं एक नेमकं लागू पडतं. आपल्याकडे नेट म्हणजे बहुतेक ठिकाणी सिमेंटचा पट्टा आणि वर अंथरलेली चटई. उसळी उंच आणि एकसारखी. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर मैदानं हातात नसतात, त्यामुळे तेव्हा तर सिमेंटशिवाय पर्यायच नाही. ऑक्टोबरमध्ये मुलगा एकदम टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीवर, निवड चाचणीला उतरतो आणि पहिल्या दोन षटकांत खाली राहिलेल्या चेंडूवर पायचीत होतो. ७० वर्षांपूर्वीचा बिघाड तोच, फक्त वेग कमी.

हजारेंचे पाय कुठे होते

हजारेंची उभं राहण्याची पद्धत पुस्तकी नव्हती. बॅट दोन्ही पॅडच्या मधे अडकवल्यासारखी आणि मुठीवर दोन्ही हात एकमेकांपासून थोडे लांब. ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं होतं, आणि ग्रिमेट यांनी हा ढंग बदलायला लावला नाही. यातलं शहाणपण मोठं आहे. ढंग दिसायला वेगळा असला तरी त्यातून बॅट शरीराजवळ राहते आणि चेंडू डोळ्यांखाली येईपर्यंत थांबता येतं, मग तो मोडायचा कशाला? हात लांब धरल्याने बॅट फार उंच उचलली जात नाही, आणि खालच्या हाताचा ताबा वाढतो. तोटाही आहे: मोठा लांब फटका मारताना बॅटचा झोत कमी पडतो. हजारेंना तो तोटा परवडला, कारण त्यांच्या धावा वेळ साधून मारलेल्या ड्राइव्हच्या होत्या.

इथे एक सावधगिरी. कुणाही मुलाला हात लांब धरायला शिकवू नये. शिकवायचं आहे ते त्या ढंगातून साधलेलं काम: डोकं स्थिर, मागचा पाय रेषेत, बॅट पॅडला लागून आणि चेंडू उशिरा खेळणं.

हे काम वेगवान गोलंदाजीवर चालतं याचा पुरावा लीड्सच्या चार वर्षं आधीचा आहे. जानेवारी १९४८, अॅडलेड. ऑस्ट्रेलिया ६७४. भारत ३८१, हजारे ११६, फडकर १२३, दोघांची सहाव्या गड्यासाठी १८८ची भागी. फॉलोऑननंतर भारत २७७, त्यात हजारे १४५. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिंडवॉल याचे ३८ धावांत सात बळी. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे पहिले भारतीय, आणि भारत सामना एक डाव १६ धावांनी हरला. त्याच सामन्यात २०१ वर खेळणाऱ्या ब्रॅडमनचा त्रिफळा हजारेंनीच उडवला होता. सिडनीलाही ब्रॅडमन १३ वर त्यांच्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाले होते.

फडकरांचा जन्म कोल्हापूरचा. अॅडलेडची १८८ आणि लीड्सची १०५, दोन्ही सहाव्या गड्यासाठी, दोन्ही डाव मोडल्यावर, आणि दोन्ही वेळा जोडी तीच, सांगली आणि कोल्हापूरची. आपल्या भागातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? त्याच १९५२च्या उन्हाळ्यात, मँचेस्टरची कसोटी संपल्यावर काही दिवसांतच कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. कृष्णाकाठचा तो उन्हाळा होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

मोठा डाव आणि पराभव यांची सांगड हजारेंच्या कारकिर्दीत वारंवार दिसते. १९४३-४४च्या पंचरंगी स्पर्धेत (संघ धर्मानुसार पाडलेले) हिंदू संघाच्या ५ बाद ५८१ समोर हजारेंचा रेस्ट संघ, म्हणजे उरलेल्या समाजांचा संघ, १३३ वर संपला. दुसऱ्या डावात रेस्टच्या ३८७ पैकी ३०९ हजारेंच्या. भाऊ विवेक हजारे यांच्यासोबत ३०० धावांची भागी, त्यात विवेक यांचा वाटा २१. सामना डावाने गेला. एकाच्या ३०९ आणि दुसऱ्याच्या २१, पण २१ वाला दुसऱ्या टोकाला राहिला म्हणून ३०९ झाल्या. भागीदारीचं गणित शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

कप्तानीचं ओझं

हजारेंनी १४ कसोट्यांत कप्तानी केली. एक विजय, पाच पराभव, आठ अनिर्णित. तो एक विजय भारताचा कसोटीतला पहिलाच: फेब्रुवारी १९५२, मद्रास, इंग्लंडवर एक डाव आठ धावांनी. मंकडचे सामन्यात १२ बळी, रॉय १११, उम्रीगर नाबाद १३०.

त्यांच्या सात शतकांपैकी पाच शतकं लाला अमरनाथ कर्णधार असताना आली आहेत, दोनच स्वतः कर्णधार असताना, आणि तीही पहिल्या दोन कसोट्यांत. नंतरच्या बारा कसोट्यांत कर्णधार हजारेंचं एकही शतक नाही. मधे पाकिस्तानविरुद्ध अमरनाथ कर्णधार झाले तेव्हा मुंबईत नाबाद १४६ आल्या. एवढ्यावरून कप्तानीने फलंदाजी खाल्ली असं ठाम म्हणता येत नाही. वयही ३७-३८ होतं, गोलंदाजीही कडवी होती. पण आमचं मत त्याच बाजूला झुकतं. स्वभावाने अबोल माणूस, संघाचा मुख्य फलंदाज, वर गरजेला गोलंदाजी. त्याच्यावर आणखी क्षेत्ररचना, गोलंदाजीतले बदल आणि फलंदाजीचा क्रम यांचा भार टाकण्यात शहाणपण नव्हतं. जिल्हा संघांतही हेच होतं. सर्वांत भरवशाचा फलंदाज दिसला की त्याच्या गळ्यात कप्तानी घालतात. यष्टिरक्षक किंवा मधल्या फळीतला बोलका मुलगा ते काम बरेचदा जास्त चांगलं करतो.

सांगलीच्या नेटमध्ये: मांडणी

पट्टा २२ यार्डांचा, म्हणजे २०.१२ मीटर. चटई अंथरण्याआधी सिमेंटवरची माती झाडून घ्यावी, कारण खाली खडा राहिला तर त्या जागी चेंडू अचानक उडतो आणि मुलाच्या हनुवटीला लागतो. चटई दोन्ही बाजूंनी ताणून बांधावी. ढिली राहिली तर चेंडू थांबून येतो आणि मुलगा आधीच बॅट फिरवण्याची सवय लावून घेतो.

फलंदाजाच्या टोकाला चुन्याने दोन रेघा मारायच्या. पहिली मधल्या यष्टीपासून गोलंदाजाच्या दिशेने सरळ, दीड मीटर. दुसरी तिला समांतर, लेग स्टंपच्या बाहेर १५ सेंटिमीटरवर. मागचा पाय दुसऱ्या रेघेपलीकडे गेला की तो चेंडू ‘पळाला’ म्हणून मोजायचा, फटका कितीही छान बसलेला असो. काही ठिकाणी रेघेऐवजी फळी किंवा वीट ठेवतात. ते करू नये, घोटा मुरगळतो.

थ्रोडाउन, म्हणजे गोलंदाजीऐवजी सरावासाठी फेकलेले चेंडू, १४ मीटरवरून. तिथून साइडआर्मने (चेंडू फेकायच्या लांब दांड्याने) ताशी १०० किलोमीटरने टाकलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात पोचतो, म्हणजे पूर्ण अंतरावरून १३५च्या आसपासच्या गोलंदाजाइतकाच वेळ. १४ वर्षांखालच्यांना त्याच अंतरावरून ८०च्या पुढे जाऊ नये. टाकणाऱ्यासमोर जाळीचा आडोसा हवाच. हेल्मेट, मानेचं संरक्षण, थाय पॅड, सगळं घालूनच. १९५२ साली हेल्मेट नव्हतं म्हणून आज विनाहेल्मेट सराव करायला लावणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्या हाती मुलगा देऊ नये.

घसरणाऱ्या चेंडूसाठी सर्वांत स्वस्त उपाय जुनाच आहे: चटई काढून सिमेंटवर पाणी मारायचं आणि टेनिसचा चेंडू भिजवून टाकायचा. चेंडू पडून सुळकन खाली येतो. डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठी सकाळी दव असतं, तेव्हा चटईही ओलसर असते, पाणी मारण्याचीही गरज पडत नाही. मात्र ओल्या सिमेंटवर पळून धाव काढू द्यायची नाही, आणि स्पाइकचे बूट अजिबात नकोत.

३६ चेंडूंचा डाव

एका फलंदाजाला ३६ चेंडू, सहा-सहाच्या सहा फेऱ्या. फलंदाज पॅड बांधून बाकावर बसलेला असतो. शिट्टी वाजली की २० मीटरच्या दोन धावा आणि लगेच क्रीझवर. छाती धडधडत असतानाच पहिला चेंडू खेळायचा, कारण चार गडी गेल्यावर येणाऱ्याची अवस्था तशीच असते. घाई मात्र नको. नव्या फलंदाजाला पहिला चेंडू खेळायला तयार होण्यासाठी क्रिकेटच्या नियमांत तीन मिनिटं आहेत. गार्ड घेणं, क्षेत्ररक्षण पाहणं, एक खोल श्वास, हे सगळं त्यात बसतं. मुलांना हे सांगितलं तर आश्चर्य वाटतं, कारण त्यांना कायम ‘चल लवकर’ असंच ऐकायची सवय असते.

पहिल्या दोन फेऱ्या कोरड्या चटईवर, ऑफ स्टंपच्या आसपास. धाव मोजायची नाही. तिसरी-चौथी फेरी ओल्या टेनिस चेंडूने. त्याआधी चटई गुंडाळायला दोन मुलं तयार ठेवावीत. पाचव्या फेरीत सहापैकी एक चेंडू आखूड, कुठला ते सांगायचं नाही. सहाव्या फेरीत दुसऱ्या टोकाला जोडीदार उभा करायचा आणि एकेरी धावेने स्ट्राइक बदलायला लावायचा.

मागे एक जण वहीत चार खुणा करतो: सोडला, मधोमध, कड, चुकला. पाचवा रकाना ‘पळाला’. मोबाइल गोलंदाजाच्या मागे छातीच्या उंचीवर ठेवून संथ चित्रीकरण करावं. बाजूने घेतलेल्या चित्रात पाय लेगकडे सरकलेला दिसत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

सरावात काय बिघडतं

पहिली अडचण, मुलगा रेघेकडे पाहत खेळतो. डोकं खाली जातं, चेंडू हातातून सुटताना दिसत नाही, आणि ‘पळाला’चा रकाना सुधारत असतानाच ‘चुकला’चा वाढतो. असं झालं की दोन दिवस रेघ पुसून टाकायची आणि फक्त चित्रीकरणावर काम करायचं.

दुसरी, पाय रेषेत ठेवण्याच्या नादात पुढचा पाय ऑफकडे आडवा जातो. मग सरळ आलेल्या चेंडूवर पायचीत. यावर उपाय म्हणून पाठोपाठ सहा चेंडू मधल्या यष्टीवर टाकून ते सरळ मिड-ऑनकडे खेळायला लावावेत.

तिसरी आणि सर्वांत चिवट म्हणजे मुठीची पकड. घाबरलेला फलंदाज मूठ आवळतो, त्यातही खालचा हात. कड लागली की चेंडू थेट स्लिपपर्यंत जातो, कारण बॅट मऊ राहिलेली नसते. खालच्या हाताची फक्त अंगठा आणि दोन बोटं मुठीला लावून १२ चेंडू बचाव करायला लावला की चेंडू पायाशी पडायला लागतो. इथे वेगाचे चेंडू नकोत, हाताने सोडलेले पुरेत.

चौथी अडचण प्रशिक्षकाची. ‘०/४’ असं फळ्यावर लिहिलं की तो प्रत्येक चेंडू अडवायला सांगतो. हजारे-फडकरांनी १०५ धावा अडवून काढलेल्या नाहीत. चेंडू मारण्याजोगा आला तर मारायचाच, नाहीतर गोलंदाज एकाच टप्प्यावर टाकत राहतो आणि कधीतरी एक चेंडू वळतोच. ३६ चेंडूंत एकही चौकार न मारणाऱ्या मुलाची वही स्वच्छ दिसेल, पण सामन्यात तो दहाव्या षटकापर्यंत कोंडून बाद होईल. आम्ही सोडलेल्या चेंडूंसाठी एक मोजपट्टी ठेवतो: ऑफ स्टंपच्या बाहेरून जाणाऱ्या दहा चेंडूंपैकी सहा-सात सोडले आणि उरलेल्यांतले पुढे पडलेले ड्राइव्ह केले, तर ठीक. दहाही सोडले तर त्याला चेंडूचा टप्पाच कळत नाहीये.

वही कशी वाचायची

हंगामाच्या सामन्यांत सरासरीच्या शेजारी तीन आकडे लिहावेत. फलंदाज आला तेव्हा फलक काय होता, तो असताना संघाच्या किती धावा वाढल्या, आणि तो किती चेंडू टिकला. लीड्सच्या दुसऱ्या डावातले हजारे या वहीत असे दिसतात: आले तेव्हा पाटी कोरी, फडकरांबरोबरची जोडी फुटली तेव्हा फलक १३१ वर. स्वतःच्या ५६, संघाच्या एकूण धावांच्या ३४ टक्के. ओव्हलच्या ३८ म्हणजे ३९ टक्के. अॅडलेडच्या १४५ म्हणजे ५२ टक्के. याच पद्धतीने जिल्ह्यातल्या एखाद्या १६ वर्षांच्या मुलीच्या २२ धावा मांडल्या, तर त्या कधी कधी दुसऱ्या कुणाच्या ७० पेक्षा मोठ्या दिसतात आणि निवडीच्या बैठकीत हातात काहीतरी ठोस असतं.

वहीत किमान आठ डाव झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ‘पळाला’चा रकाना आठवड्याला एकदाच पाहावा आणि तो सहा चेंडूंमागे एकाच्या खाली आला की थ्रोडाउनचा वेग ताशी पाच किलोमीटरने वाढवावा. वाढवल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पाय पुन्हा पळतोच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वेग तेवढाच ठेवून काम चालू ठेवायचं. दोन आठवड्यांनंतरही फरक पडला नाही, तर वेग मागे घ्यावा आणि त्याआधी मुलाची नजर तपासून घ्यावी. चष्म्याची गरज असलेली मुलं ‘घाबरतात’ म्हणून बाजूला पडलेली अनेक मैदानांवर सापडतील.